युरेनियम सिटी: शहर न झालेल्या शहराचं प्रकरण

३ डिसेंबर १९८१ रोजी कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या युरेनियम सिटी या गावात बातमी आली, की खाण येत्या ३० जूनला बंद होणार. खाण एल्डोराडो न्यूक्लिअर या कंपनीची आणि कंपनी कॅनडाच्या सरकारची. त्या दिवशी गावाकडे पाहून ते आता आटोपणार असं कुणालाही वाटलं नसतं. माध्यमिक शाळेची इमारत नवीच होती. जवळच्या शार्लो नदीवरचं जलविद्युत केंद्र १९८० साली सुरू झालेलं. लोकांनी नवी घरं घेतली होती. १९८१ च्या जनगणनेत वस्ती अडीच हजारांच्या आसपास भरली होती. २०२१ च्या जनगणनेत ती ९१ भरली.

खाण बंद पडली म्हणून गाव ओस पडलं, हे उत्तर खरं आहे, पण त्यानं भागत नाही. जमिनीत युरेनियम शिल्लक होतं. सस्कॅचवान प्रांतात युरेनियमचा धंदा तर उलट वाढत होता. कंपनी सरकारी, गावही सरकारनंच आखून वसवलेलं. इतकं सगळं बाजूनं असताना सात महिन्यांच्या आत एक नांदतं गाव कसं संपलं? माझ्या मते गोम १९५२ सालात आहे. गाव वसवताना घर कुणाच्या मालकीचं, दुकान कोण चालवणार, नगरपालिकेत मत कुणाला, याचा बारकाईनं विचार झाला. खाण थांबली तर ते घर कुणाच्या गळ्यात पडणार, याचा झाला नाही.

जागा

नकाशावर अथाबास्का सरोवर शोधा. पूर्व-पश्चिम पसरलेलं, जवळजवळ २८० किलोमीटर लांब. त्याच्या उत्तर काठापासून थोडं आत, बीव्हरलॉज सरोवराच्या शेजारी हे गाव. उत्तरेकडे ४८ किलोमीटरवर प्रांताची हद्द संपून वायव्य प्रदेश सुरू होतो. दक्षिणेला प्रिन्स अल्बर्ट हे शहर सुमारे ७६० किलोमीटर दूर, नैर्ऋत्येला एडमंटनही जवळपास तितकंच. या दोन्हींकडून गावाला बारमाही रस्ता तेव्हा नव्हता आणि आजही नाही. गावापासून विमानतळाकडे आणि जुन्या खाणीकडे जाणारा एक प्रांतीय महामार्ग आहे खरा, त्याला ९६२ असा रीतसर क्रमांकही आहे, पण तो देशातल्या दुसऱ्या कुठल्याच रस्त्याला जोडलेला नाही.

माल यायचा तो अल्बर्टातून. फोर्ट मॅकमरेजवळच्या वॉटरवेज इथपर्यंत रेल्वे, तिथून अथाबास्का नदीतून सपाट तळाच्या मालवाहू होड्या, पुढे सरोवर ओलांडून बुशेलच्या धक्क्यावर. बर्फ वितळल्यापासून पुन्हा गोठेपर्यंतचे मोजके महिने होड्या चालत. सिमेंट, डिझेल, यंत्रं, डबाबंद अन्न, खनिज दळणाऱ्या गिरणीला लागणारी रसायनं, सगळं त्या मुदतीत भरून ठेवायचं. हिवाळ्यात सरोवर घट्ट गोठलं की त्याच्यावरून ट्रक जात. एरवी विमान. एल्डोराडोनं स्वतःची वाहतूक कंपनी आणि स्वतःची विमानं बाळगली होती, आणि तयार झालेलं पिवळं युरेनियमचं चूर्ण पिंपांत भरून बाहेर जाई, ते पुढं ओंटारिओतल्या पोर्ट होपच्या शुद्धीकरण कारखान्यात.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण असं, की या गावात प्रत्येक वस्तूच्या किमतीत हजार किलोमीटरचं भाडं धरलेलं होतं. ते भाडं फेडण्याइतकी महाग एकच गोष्ट तिथून बाहेर जात होती.

सोन्याच्या गावात नकोसा काळा दगड

हा मुलूख डेने या आदिवासी लोकांचा. १८९९ साली सरोवराच्या पूर्व टोकाजवळ फोंड-दु-लॅक इथं त्यांच्या प्रमुखांनी कॅनडाच्या राजसत्तेशी आठव्या क्रमांकाचा करार केला. कॅरिबू हरणांची शिकार, मासेमारी, कातड्यांचा व्यापार यांवर त्यांचं जगणं चालायचं. पुढं जे काही झालं ते त्यांच्या शिकारीच्या वाटांवर झालं, ही गोष्ट खाणीच्या जमाखर्चात कुठं दिसत नाही.

१९३४ साली बीव्हरलॉज सरोवराच्या काठी सोनं सापडलं आणि गोल्डफील्ड्स नावाचं गाव उभं राहिलं. तिथली बॉक्स ही खाण १९३९ ते १९४२ चालली. वेलिंग्टन धबधब्यावर वीज तयार करायला सुरुवात झाली ती याच खाणीसाठी. सोनं शोधताना पिचब्लेंड, म्हणजे युरेनियमचा काळा जड खनिज दगड, १९३५ च्या सुमारास नजरेला पडला होता. पण तेव्हा युरेनियम घेतो कोण! पिचब्लेंडला किंमत होती ती त्यातल्या रेडियमपुरती, आणि रेडियमसाठी उत्तरेला ग्रेट बेअर सरोवराच्या काठी पोर्ट रेडियमची खाण आधीच चालू होती. ती गिल्बर्ट लाबाइन या माणसानं १९३० साली शोधली होती, एल्डोराडो गोल्ड माइन्स या कंपनीसाठी. ही कंपनी नावाप्रमाणे सोन्याची. रेडियमनं तिला पैसे मिळवून दिले आणि युरेनियमनं ती सरकारजमा झाली.

युद्धात ते झालं. १९४२ साली अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पासाठी पोर्ट रेडियम पुन्हा उघडलं. १९४३ मध्ये ओटावाच्या, म्हणजे केंद्राच्या, सरकारनं खासगी लोकांना युरेनियम शोधायला बंदी घातली आणि जानेवारी १९४४ मध्ये कंपनीच ताब्यात घेतली. मग सरकारी भूशास्त्रज्ञ जुने अहवाल चाळू लागले आणि दहा वर्षांपूर्वी कुणी ढुंकून न पाहिलेल्या बीव्हरलॉजच्या दगडावर बोट ठेवलं गेलं. १९४६ साली तिथं एस नावाचा खनिजपट्टा सापडला. पुढं फे आणि व्हर्ना या खाणमुखांशी जोडला जाऊन त्याच पट्ट्यावर एल्डोराडोची खाण तीस वर्षं चालली.

एक कायदेशीर बाब इथेच सांगून ठेवतो, कारण शेवटी तीच नडते. कॅनडात जमिनीखालचं खनिज प्रांताचं असतं. पण १९४६ च्या अणुऊर्जा नियंत्रण कायद्यानं युरेनियमवरचा ताबा ओटावाकडे गेला. म्हणजे दगडाची मालकी एका सरकारकडे आणि त्याचं नियंत्रण, खरेदी, दर दुसऱ्याकडे.

१९५२: कंपनीचं गाव नको

प्रांतात तेव्हा टॉमी डग्लस यांचं सीसीएफ सरकार होतं, समाजवादी विचारांचं. खाणीच्या गावांचा उत्तर अमेरिकेतला रिवाज त्यांना ठाऊक होता: घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, दवाखाना कंपनीचा आणि वाद घातला तर उद्या सामानासकट बाहेर. बीव्हरलॉज परिसरात एक नव्हे, अनेक खाणी निघणार असं दिसत होतं. तेव्हा प्रत्येक कंपनीनं आपापली छावणी उभी करण्यापेक्षा मध्यावर एकच मोकळं गाव प्रांतानं आखावं, लोकांनी तिथं स्वतःची घरं बांधावीत, व्यापाऱ्यांनी दुकानं काढावीत, असं ठरलं. १९५२ साली युरेनियम सिटीची आखणी झाली. १९५६ मध्ये गावाला आणि आसपासच्या टापूला मिळून नगरपालिका मिळाली.

सुरुवातीच्या इमारती मात्र जुन्याच होत्या. गोल्डफील्ड्स ओस पडलं होतं. तिथली घरं बर्फावरून ओढत आणून इथं उभी केली. एका मेलेल्या खाणगावाच्या लाकडावर दुसऱ्याचा पाया घातला गेला. त्यात कुणाला अपशकुन दिसला नाही, कारण लाकूड चांगलं होतं आणि नवीन आणायचं तर होडीचं भाडं.

१९५२ च्याच उन्हाळ्यात खासगी लोकांना खाणींसाठी दावे ठोकायला परिसर खुला झाला आणि खुंट्या रोवणाऱ्यांची झुंबड उडाली. गावापासून नैर्ऋत्येला सरोवरात घुसलेल्या क्रॅकिंगस्टोन द्वीपकल्पावर गनर नावाचा मोठा साठा सापडला. मालक कोण, तर गिल्बर्ट लाबाइन! एकदा सरकारनं कंपनी काढून घेतलेला हा गडी दुसऱ्यांदा युरेनियमवर उभा राहिला. गनरची खाण १९५५ ला सुरू झाली, आधी उघड्या खड्ड्यातून, नंतर भुयारातून. लाबाइननं प्रांताच्या मोकळ्या गावाची वाट पाहिली नाही. खाणीला लागूनच कंपनीची वसाहत बांधली, घरं, दुकानं, करमणुकीच्या सोयी सगळं आत.

त्यामुळे सरोवराच्या एकाच काठावर दोन नमुने शेजारी शेजारी उभे राहिले. अभ्यासकाला याहून चांगली जुळणी मिळत नाही. एकीकडे कंपनीचं बंदिस्त गाव, दुसरीकडे नागरिकांचं मोकळं गाव. १९५५ साली कुणालाही विचारलं असतं तर दुसऱ्यालाच पसंती मिळाली असती. मीही तेच म्हटलं असतं.

एकच गिऱ्हाईक

भरभराटीच्या वर्षांचं वर्णन करायचा मोह होतो, पण त्या काळातल्या सगळ्या खाणगावांची वर्णनं सारखीच असतात: हॉटेलं, बर्फावरचे खेळ, सिनेमा, चढे पगार, कमी बायका. मला महत्त्वाचा वाटतो तो खरेदीचा करार.

जवळजवळ सगळं युरेनियम एकाच ठिकाणी जात होतं, अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाकडे, शस्त्रांसाठी. मध्ये खरेदीदार म्हणून एल्डोराडोच. म्हणजे एल्डोराडो स्वतः खाणमालकही होती आणि शेजारच्या खासगी खाणींचा मालही तीच सरकारतर्फे घेत होती. दर पौंडाला सुमारे १० डॉलर पडेल अशा बेतानं करार झाले, आणि भांडवल करारांच्या त्या थोड्या वर्षांतच वसूल व्हावं असा हिशेब त्यात होता. खाण किती वर्षं चालेल हे जमिनीतल्या खनिजावरून ठरत नव्हतं, कराराच्या शेवटच्या तारखेवरून ठरत होतं. १९५९ साली कॅनडातून निर्यात झालेल्या खनिजांत युरेनियमचं मूल्य सर्वांत जास्त होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेनं कळवलं, की १९६२-६३ नंतर मुदतवाढ घेणार नाही. आमच्या देशातच पुरेसं सापडलंय.

छोट्या खाणी लगेच कोसळल्या. लोराडोची गिरणी १९५७ मध्ये सुरू झाली होती, १९६० मध्ये बंद. तीन वर्षं! तेवढ्यात तिनं आपला आम्लयुक्त गाळ शेजारच्या नीरो सरोवराच्या काठी आणि सरोवरात ओतून ठेवला होता. गनर १९६३ पर्यंत टिकली. बंद करताना खड्डा आणि अथाबास्का सरोवर यांच्यामधला खडक सुरुंगानं फोडून पाणी आत सोडलं आणि खड्डा भरून टाकला. गनरची वसाहत रिकामी झाली. लोकांनी ट्रंका उचलल्या आणि गेले; घर त्यांचं नव्हतंच, त्यामुळे विकायचा प्रश्न नव्हता. पगार गेला, पण कर्ज मागे लागलं नाही.

इथे युरेनियम सिटीला आपला धडा दिसायला हवा होता. अनेक खाणींसाठी वसवलेल्या गावाला आता एकच खाण उरली होती. कंपनीचं गाव नको म्हणून जे आखलं, ते दहा-बारा वर्षांत एका कंपनीचं गाव झालं, फक्त घरांच्या खरेदीखतावर कंपनीचं नाव नव्हतं.

मधली वर्षं

एल्डोराडो तगली, कारण ती सरकारी होती. करार लांबवून पुरवठा वर्षानुवर्षं ताणला गेला आणि नंतर ओटावानं साठा करण्यासाठी स्वतःच माल घेतला. १९६५ मध्ये पंतप्रधान लेस्टर पिअर्सन यांनी जाहीर केलं, की यापुढे कॅनडाचं युरेनियम फक्त शांततेच्या कामासाठी विकलं जाईल. बाँबचं गिऱ्हाईक गेलं, विजेचं अजून यायचं होतं. गाव रोडावलं, पण जगलं.

खाणीची एक तांत्रिक बाजू सांगण्यासारखी आहे. बीव्हरलॉजच्या दगडात चुनखडीचं प्रमाण जास्त. असा दगड आम्लात टाकला तर आम्ल चुनखडीच खाऊन टाकते, युरेनियमपर्यंत पोचायच्या आतच खर्च होते. म्हणून एल्डोराडोनं सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात, उष्णता आणि दाब देऊन युरेनियम विरघळवायची पद्धत वापरली. गनरमध्ये मात्र आम्लच चालत असे. पण पद्धत कुठलीही असो, दगडात युरेनियम होतं हजारात दोन भाग. उरलेले नऊशे अठ्ठ्याण्णव भाग बारीक दळलेल्या, ओल्या राखेसारख्या गाळाच्या रूपात मागं राहत, आणि त्यात रेडियम जसंच्या तसं. गनरमध्ये असा सुमारे ४४ लाख टन गाळ साठला.

भुयारात दुसरंच संकट होतं. युरेनियमपासून रेडियम, रेडियमपासून रेडॉन हा वायू. रेडॉनला रंग नाही, वास नाही. तो खडकाच्या भेगांतून आणि भुयारातल्या पाण्यातून हवेत येतो, त्याच्यापासून पुढं तयार होणारे किरणोत्सारी कण धुळीला चिकटतात आणि श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसतात. हवा खेळती ठेवली की धोका खूप कमी होतो. सुरुवातीच्या वर्षांत भुयारात हवा पुरेशी खेळवली जात नव्हती आणि रेडॉनची मोजमापंही तुरळकच होत. बीव्हरलॉजमध्ये १९४८ ते १९८० या काळात काम केलेल्या ८,४८७ कामगारांचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फुप्फुसाच्या कर्करोगानं ६५ मृत्यू आढळले. सर्वसाधारण लोकसंख्येच्या प्रमाणात ते ३४ च्या आसपास असायला हवे होते. १९७६ पासून ओटावा आणि प्रांतांनी मिळून युरेनियमच्या कामाशी जोडलेल्या गावांतल्या घरांमधली किरणोत्सारिता मोजायला घेतली, तेव्हा पोर्ट होप, एलियट लेक, बँक्रॉफ्ट यांच्या जोडीला युरेनियम सिटीचंही नाव यादीत होतं.

आणि तरीही सत्तरचं दशक गावाच्या चढतीचं होतं. तेलसंकटानंतर जगभर अणुवीजघरांची मागणी वाढली, युरेनियमचा भाव दशकाच्या अखेरीस पौंडाला ४० डॉलरच्या वर गेला. एल्डोराडोनं विस्तार केला, प्रांतानं सोयींवर पैसा घातला. नव्या माध्यमिक शाळेला नाव दिलं कॅनडू, कॅनडात तयार झालेल्या अणुभट्टीच्या वाणाचं. इंग्रजीत ऐकायला ते ‘जमेल की’ असं लागतं. त्याच घराण्याच्या जडपाण्याच्या भट्ट्या आपल्याकडं राजस्थानात रावतभाट्याला आहेत, गोव्याच्या हद्दीपासून फार लांब नसलेल्या कैग्यालाही आहेत. मुंबईच्या तुर्भ्याची सायरस भट्टीही कॅनडाच्याच मदतीनं उभी राहिली, १९६० साली. तिथल्या प्लुटोनियमचा वापर करून १९७४ मध्ये भारतानं पोखरणला स्फोट केला आणि कॅनडानं अणुसहकार्य तोडलं. पिअर्सन यांच्या ‘फक्त शांततेसाठी’ या धोरणाला मोठा तडा गेला तो तिथं.

सात महिने

मग १९८१ च्या डिसेंबरात नेमकं काय बिघडलं होतं? एक तर भाव. १९७९ च्या थ्री माइल आयलंड अणुवीजघरातल्या अपघातानंतर अमेरिकेत नव्या अणुवीजघरांचे बेत रद्द होत गेले आणि १९८२ पर्यंत युरेनियमचा भाव निम्म्याच्या खाली आला. दुसरं, बीव्हरलॉजची भुयारं खूप खोल गेली होती आणि खनिज पातळ होत चाललं होतं. पण खरा घाव बसला तो शेजाऱ्यांकडून.

अथाबास्काच्या दक्षिणेला वाळूच्या दगडाचं विस्तीर्ण खोरं आहे. त्या दगडाचा तळ आणि खालचा प्राचीन खडक जिथं भेटतात तिथं युरेनियमचे असे साठे सापडले, की त्यांच्यापुढं बीव्हरलॉजचा दगड म्हणजे फुटकळ. रॅबिट लेक १९७५ मध्ये सुरू झालं, क्लफ लेक १९८० मध्ये, की लेक १९८३ मध्ये. हजारात दोन भागांच्या जागी की लेकमध्ये शंभरात दोन भाग, काही ठिकाणी त्याहून कितीतरी जास्त. तेही जमिनीच्या वरच्या थरात, उघड्या खड्ड्यातून काढता येईल असं. की लेकमध्ये एल्डोराडोचाही वाटा होता. कंपनीच्या हिशेबनीसाच्या जागी बसून पाहिलं तर निर्णय सरळ होता. एक टन दगड खोल भुयारातून वर आणून दोन किलो मिळवायचं, की खड्ड्यातून काढून वीस किलो?

म्हणून ‘युरेनियम संपलं आणि गाव गेलं’ असं जे सहज लिहिलं जातं ते चूक आहे. युरेनियम इतकं जास्त आणि इतकं सोपं सापडलं, की हे गाव महाग ठरलं.

घोषणा झाली तेव्हा सरोवर गोठण्याच्या बेतात होतं. सामान बाहेर काढायचं तर पुढचा होड्यांचा हंगाम येईपर्यंत थांबायचं, नाहीतर बर्फावरून वा विमानानं न्यायचं. आणि न्यायचं काय काय? भांडीकुंडी नेता येतात, घर नेता येत नाही. गोल्डफील्ड्सची घरं ओढून आणायला शेजारी एक नवं गाव तरी होतं; युरेनियम सिटीच्या घरांना जायला गावच नव्हतं. ज्यांनी प्रांताच्या धोरणावर विश्वास ठेवून स्वतःचं घर घेतलं, दुकान टाकलं, त्यांचं नुकसान सर्वांत जास्त झालं. अडीच हजारांच्या गावात सगळीच घरं एकदम विक्रीला निघाली, तर घेणार कोण? कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहणारा सूटकेस घेऊन विमानात बसला. घरमालकानं दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि तोही गेला. गनर आणि युरेनियम सिटी या दोन नमुन्यांची तुलना या एका मुद्द्यावर उलटी होते: जे गाव जास्त न्याय्य म्हणून आखलं होतं, त्यातच पडझडीचं ओझं सामान्य माणसावर जास्त पडलं.

दोष डग्लस सरकारच्या हेतूला देता येत नाही. मोकळ्या गावाचं तत्त्व चांगलंच होतं. पण नागरिकाला मालकी दिली, मालकीबरोबर येणारी जोखीमही दिली, आणि जोखीम ठरवणारे निर्णय मात्र ओटावा, वॉशिंग्टन आणि कंपनीच्या कचेरीत राहिले. खाणीच्या नफ्यातून दरवर्षी थोडा पैसा बाजूला काढून खाण बंद होण्याच्या दिवसासाठी निधी ठेवावा, घरांची ठरलेल्या दरानं परत खरेदी व्हावी, अशी काही तजवीज पहिल्या दिवशीच करता आली असती. १९५९ चा धक्का बसल्यावर तर नक्कीच. ती झाली नाही आणि भाव चढल्यावर तर कुणाला आठवणही राहिली नाही.

जे राहिले

काही शे लोक राहिले, त्यात पुढं भर पडण्याऐवजी घटच होत गेली. राहिलेल्यांत डेने आणि मेती (आदिवासी-युरोपीय मिश्र वंशाची) कुटुंबं मुख्यतः. खाणीच्या आधीही हा मुलूख ज्यांचा होता, तेच खाणीनंतर उरले. १९८३ मध्ये नगरपालिका जाऊन गाव साध्या उत्तरी वस्तीच्या दर्जावर आलं. रिकामी घरं थंडीनं उचकटली, काही जळाली, काही पाडली. कॅनडू शाळेची इमारत ओसाड उभी राहिली आणि पडक्या वास्तूंचे फोटो काढणाऱ्यांची आवडती झाली.

धंद्यानं मात्र धडा घेतला, आपल्या सोयीचा. सस्कॅचवानच्या उत्तरेत त्यानंतर युरेनियमसाठी एकही नवं गाव वसवलं गेलं नाही. नव्या खाणींवर पद्धत पडली ती विमानानं ये-जा करण्याची: सात दिवस खाणीवर, सात दिवस घरी, मुक्काम कंपनीच्या बराकीत. उत्तरेतल्या वस्त्यांमधल्या कामगारांना त्यांच्या गावातून विमानानं उचलायचं आणि तिथंच सोडायचं. गाव नाही, शाळा नाही, म्हणून बंद करताना हलवायचं काही नाही. कामगाराच्या बायकोला सात दिवस एकटीनं घर ओढावं लागतं, ही किंमत वेगळ्या खात्यात पडते. १९८८ मध्ये एल्डोराडो आणि प्रांताची खाणकंपनी यांच्या विलीनीकरणातून कॅमेको झाली. २०१५ च्या एप्रिलमध्ये, नरेंद्र मोदी ओटावात असताना, याच कॅमेकोनं भारताच्या अणुऊर्जा विभागाशी पाच वर्षांत ७१ लाख पौंड युरेनियम पुरवण्याचा करार केला. ते उत्तर सस्कॅचवानच्याच खाणींतलं, पण ज्यांना गाव नाही अशा.

गाळाचा हिशेब अजून मिटलेला नाही. एल्डोराडोच्या जागेची निदान जबाबदारी ठरली: मालकी सरकारी कंपनीकडे होती, म्हणून खर्च ओटावाचा, देखरेख कॅमेकोची. तिथले जमिनीचे तुकडे तपासून, सुरक्षित ठरले तसे २००९ पासून एकेक करून प्रांताच्या दीर्घकालीन नोंदवहीत जाऊ लागले. या नोंदवहीसाठी सस्कॅचवाननं २००७ मध्ये खास कायदा लागू केला. गनर आणि लोराडोचं तसं नाही. त्यांचे खासगी मालक कधीच नाहीसे झाले होते. मघाशी सांगितलेला दोन सरकारांचा गुंता इथं फणा काढतो. २००६ मध्ये गनरच्या सफाईला २ कोटी ४६ लाख डॉलर लागतील असं धरून ओटावा आणि प्रांत यांनी निम्मानिम्मा खर्च उचलायचं ठरवलं. प्रांताच्या संशोधन संस्थेनं काम हाती घेतलं, २०११ मध्ये इमारती पाडल्या. पुढं अंदाज २८ कोटींवर गेला. ओटावानं पहिल्या टप्प्याचे ११ लाख ३० हजार दिले होते. फुगलेल्या खर्चातला निम्मा वाटा द्यायला ते तयार होईना. २०१८ मध्ये प्रांतानं केंद्रावर दावा लावला. नऊ वर्षंही धड न चाललेल्या खाणीचा कचरा पन्नास वर्षांनंतर कोर्टात उभा होता.

गावातलं रुग्णालय खाणीनंतरही वीस वर्षं चाललं, आसपासच्या वस्त्यांसाठी. २००३ मध्ये ते बंद झालं आणि सेवा पूर्वेला स्टोनी रॅपिड्स इथं गेली. वेलिंग्टन, वॉटरलू आणि शार्लो नदी ही तिन्ही जलविद्युत केंद्रं मात्र चालू आहेत. खाणीसाठी तयार झालेली वीज आता तारांवरून पूर्वेकडे जाते, फोंड-दु-लॅक, स्टोनी रॅपिड्स, ब्लॅक लेक या वस्त्यांना. आजारी माणसालाही त्याच दिशेनं जावं लागतं, फक्त विमानानं.